एकच लेबल, आत वेगळी पीसीबी : जुन्या व्हिडिओ गेम कॅसेटींचे हार्डवेअर-प्रकार

शहापूरकर

कोणता गेम चांगला, हा या धाग्याचा विषय नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या घरांच्या माळ्यांवर आजही सापडणाऱ्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचे प्रकार कवचाच्या आतल्या हार्डवेअरवरून, म्हणजे पीसीबी (चिप बसवलेली सर्किटची पाटी) आणि तिच्यावरच्या चिपवरून, कसे ओळखावेत, एवढ्यापुरतीच चर्चा इथे व्हावी, अशी विनंती आहे. आपल्याकडे कार्ट्रिज हा शब्द कोणीच वापरत नसे, म्हणून मीही कॅसेटच म्हणेन.

आधी पार्श्वभूमी सांगतो. निन्टेन्डोचे फॅमिकॉम यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आले आणि त्याच्या कॅसेटला ६० पिना होत्या. अमेरिकेत १९८५ मध्ये आलेल्या त्याच्या भावंडाला, म्हणजे एनईएसला, ७२ पिनांची मोठी करडी कॅसेट लागत असे. आपल्याकडे जी यंत्रे घरोघरी आली ती बहुतेक फॅमिकॉमची नक्कल असल्यामुळे आपल्या माळ्यांवरच्या कॅसेटी ६० पिनांच्या असतात.

संग्राहक बहुधा लेबल पाहून प्रकार ठरवतात. काही वेळा ते पुरेसे असते. अमेरिकेत १९८७ साली आलेली ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ची कॅसेट सोनेरी होती आणि नंतर तीच करड्या कवचात निघाली, हा फरक दुरूनही दिसतो. आयरेम कंपनीच्या सुरुवातीच्या फॅमिकॉम कॅसेटींमध्ये, उदाहरणार्थ ‘स्पेलंकर’मध्ये, यंत्र सुरू होताच पेटणारा लाल एलईडी बसवलेला असे, तो पुढच्या उत्पादनात काढून टाकण्यात आला. तोही बाहेरूनच कळतो. पण सुपर फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या पुढच्या यंत्राच्या, ‘पायलटविंग्ज’चे काय करावे? त्या कॅसेटमध्ये त्रिमितीची गणिते करणारी डीएसपी-१ नावाची वेगळी चिप आहे. पुढे त्या चिपची सुधारित आवृत्ती, डीएसपी-१बी, निघाली. ती बसवलेल्या कॅसेटमध्ये, कोणी खेळत नसताना आपोआप चालणाऱ्या प्रात्यक्षिकात विमान धावपट्टीवर नीट उतरण्याऐवजी आपटते, कारण ते प्रात्यक्षिक जुन्या चिपच्या चुकीच्या गणितासकट नोंदवलेले होते. चिप सुधारली आणि विमान पडू लागले! लेबल मात्र दोन्हींचे तेच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, प्रकार ठरवायचा तो पीसीबीवरून, लेबलवरून नव्हे. आणि हा नियम आपल्या भागातल्या नकली कॅसेटींना तर अधिकच लागू पडतो.

निपाणीकर

शहापूरकर साहेब, पहिल्या भागाशी पूर्ण सहमत आहे, शेवटच्या वाक्याशी नाही. निन्टेन्डोच्या स्वतःच्या कॅसेटमध्ये प्रत्येक रॉमवर (खेळ साठवलेल्या चिपवर) गेमचे संकेताक्षर छापलेले असते, त्यापुढे आवृत्तीचा आकडा असतो, पहिली असेल तर ० आणि दुरुस्त केलेली असेल तर १. इतर आयसींवर, म्हणजे चिपवर, चार आकडी उत्पादन-संकेत असतो, म्हणजे ८७३२ असे छापले असेल तर तो आयसी १९८७ सालच्या ३२व्या आठवड्यातला. एवढी माहिती हाती असेल तर प्रकार या शब्दाला काही अर्थ राहतो.

नकली कॅसेट उघडली की काय दिसते? पाटीवर थेट चिकटवलेल्या चिपवर ओतलेला काळ्या इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) एक गोळा. त्यावर ना नाव, ना तारीख, ना कारखाना. त्यात आणखी ‘९९९९९९९ इन १’ असे लेबल लावून पाच-सहा खेळ निरनिराळ्या पातळ्यांपासून सुरू होतात तेवढेच पुनःपुन्हा यादीत दाखवलेले. असा माल गोळा करण्याला छंद म्हणायला माझी हरकत नाही, पण त्याला हार्डवेअर-प्रकारांचा संग्रह म्हणणे मला पटत नाही. शिवाय हे सारे परवानगीशिवाय केलेले उत्पादन आहे, हेही विसरू नये.

मलप्रभाकाठ

निपाणीकर साहेब, मी खानापुरात बरीच वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम केले आणि त्या काळात या कॅसेटी दुरुस्तीसाठी माझ्याकडे येत असत. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या नकली कॅसेटी गोळ्याच्या नव्हत्या. काहींमध्ये सुट्या आयसी बसवलेल्या असत, म्हणजे बाजारात कुठेही मिळणारी ६२६४ रॅम (तात्पुरती माहिती ठेवणारी चिप), ७४ मालिकेतले दोन लॉजिक आयसी आणि एक मोठी रॉम. क्वचित रॉमच्या जागी काचेची खिडकी असलेला ईप्रॉम असे व खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला असे. तो कागद कोणी कुतूहलापोटी काढू नये, एवढे येथे सांगून ठेवतो. अतिनील प्रकाशाने ईप्रॉम पुसला जातो. एका दिवसात नाही, पण उन्हात पडून राहिल्यास जातोच.

माल परवानगीशिवायचा होता, हे खरेच आहे. पण तो कसा बांधला होता हे पाहण्यात काय गैर? कोणत्या वेळी कोणत्या आयसी स्वस्त होत्या आणि कोणता गेम किती काटकसरीत बसवता येत होता, हे या पीसीबी सांगतात. अस्सल कॅसेटी जगभरच्या संग्राहकांनी आतून-बाहेरून नोंदवून ठेवल्या आहेत, आपल्या गल्लीत विकल्या गेलेल्यांची नोंद आपण केली नाही तर कोण करणार?

पावसाबद्दलही एक मुद्दा मांडतो. अस्सल कॅसेटच्या पिनांना सोन्याचा मुलामा असतो, नकली कॅसेटच्या पिनांना बहुधा कथिलाचा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांना हा फरक वेगळा सांगायला नको, कारण तिकडे दोन पावसाळ्यांत कथिलाच्या पिना काळ्या पडतात व खालचे तांबे उघडे पडले असेल तर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तोंडाने फुंकर मारण्याची सवय आपल्या सर्वांनाच होती, पण त्या फुंकरीतला ओलावाच पुढे हा थर वाढवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल व कापसाची काडी पुरेशी आहे. पॉलिश पेपर कदापि लावू नये. मुलामा गेला की पीसीबीचा प्रकार ओळखता येईल, पण कॅसेट चालणार नाही.

चिक्कोडीची_मास्तरीण

नमस्कार. मी संग्राहक नाही, पण हा धागा वाचून एक प्रश्न विचारावासा वाटला. माझ्या थोरल्या भावाचे चिक्कोडीत काही वर्षे तासावर गेम खेळू देणारे दुकान होते. ते बंद झाल्यावर शिल्लक राहिलेल्या कॅसेटी आमच्या घरी आहेत. त्यांत ‘कॉन्ट्रा’च्या दोन कॅसेटी आहेत. दोन्हींचे कवच पिवळे, दोन्हींचे लेबल हुबेहूब सारखे, अगदी छपाईतला तिरकेपणासुद्धा तोच. पण हातात घेतल्यावर एक स्पष्टपणे जड लागते. भावाला विचारले तर तो म्हणतो की, मुले नेहमी हलकीच मागत असत. का, ते त्याला आठवत नाही. या दोहोंत खरोखर काही फरक असेल का आणि त्या न मोडता उघडता येतील का?

उद्यमबाग_टूलरूम

ताई, उघडण्यापुरते मी सांगतो, बाकीचे जाणकार सांगतील. फॅमिकॉमच्या धाटणीच्या कवचाला सहसा स्क्रू नसतात. पुढचा आणि मागचा भाग आतल्या खाचांत अडकवलेला असतो. काही नकली कवचांना मागे एखादा साधा स्क्रू लेबलखाली दडलेला असतो, म्हणून आधी लेबलवरून बोट फिरवून खळगा लागतो का ते पाहावे. स्क्रू नसेल तर प्लास्टिकची पातळ पट्टी, जुने एटीएम कार्ड चालेल, कडेच्या फटीत सरकवून एकेक खाच सोडवत जावे. स्टीलचा स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. जुने प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि खाच तुटली की कवच पुन्हा घट्ट बसत नाही. कॅसेट थंड असताना तर मुळीच उघडू नये. उन्हात नव्हे, पण खोलीच्या उबेत थोडा वेळ ठेवून मग हात लावावा.

अमेरिकन एनईएस कॅसेटची गोष्ट वेगळी आहे. तिच्या नंतरच्या स्क्रूंना बाहेरून सहा पाकळ्या असतात आणि त्यांना ३.८ मिलिमीटरचा पोकळ बिट लागतो. पुढच्या सुपर एनईएस यंत्राच्या स्क्रूंना तसाच, पण ४.५ मिलिमीटरचा. अनेकांनी मला, ‘तुमच्याकडे लेथ आहे, एक बिट काढून द्या’ असे सांगितले आहे. लेथवर बाहेरचा गोल निघेल, आतल्या पाकळ्या निघणार नाहीत. त्याला ब्रोचिंग (दातेरी हत्यार भोकातून ओढून आतला आकार कापणे) लागते आणि एका बिटसाठी ब्रोच बनवणे हा वेडेपणा आहे. तयार बिट विकत घ्यावा. पेनचे प्लास्टिक वितळवून स्क्रूवर दाबण्याची युक्ती इंटरनेटवर फिरते. ती केल्यास स्क्रूच्या पाकळ्यांत प्लास्टिक भरते आणि मग तयार बिटही बसत नाही.

शहापूरकर

मास्तरीणबाई, आपण अगदी नेमके उदाहरण आणले आहे. ‘कॉन्ट्रा’च्या घरगुती आवृत्त्या १९८८ साली जपानात आणि अमेरिकेत निघाल्या, पण दोघींचे हार्डवेअर एक नव्हते. जपानी कॅसेटमध्ये खेळ बनवणाऱ्या कोनामी कंपनीने स्वतःची व्हीआरसी२ नावाची मॅपर चिप (रॉमचा कोणता भाग यंत्राला दिसावा हे बदलणारी) वापरली होती आणि चित्रांसाठी वेगळी रॉम होती. प्रोग्रॅमची १२८ किलोबाइट व चित्रांची १२८ किलोबाइट. चित्रे रॉमच्या एका भागातून दुसऱ्या भागात चटकन बदलता येत असल्यामुळे पहिल्या टप्प्यातल्या जंगलात झाडांची पाने हलतात, बर्फाच्या टप्प्यात हिमवादळ दिसते आणि टप्प्यांच्या मधे नकाशा व छोटे कथाप्रसंग येतात.

अमेरिकेत निन्टेन्डोची पद्धत वेगळी असल्यामुळे तिथला ‘कॉन्ट्रा’ यूएनरॉम नावाच्या साध्या पीसीबीवर बसवला गेला. त्यात प्रोग्रॅमची एकच १२८ किलोबाइटची रॉम असते, चित्रांसाठी रॉम नसून ८ किलोबाइटची रॅम असते आणि मॅपर म्हणून ७४१६१ व ७४३२ हे दोन साधे लॉजिक आयसी पुरतात. चित्रे प्रोग्रॅममधून उचलून रॅममध्ये भरावी लागतात, त्यामुळे पाने हलवण्याची चैन परवडत नाही.

मलप्रभाकाठ यांनी वर सांगितलेली सुट्या आयसींची यादी पुन्हा वाचावी. ६२६४ म्हणजे ८ किलोबाइटची रॅम, ७४ मालिकेतले दोन आयसी आणि एक मोठी रॉम. ती यूएनरॉमचीच नक्कल आहे. नकली माल बनवणाऱ्यांना ही रचना सोयीची होती, कारण त्यात कोनामीची खास चिप लागत नाही. आपण दोन्ही कॅसेटी उघडण्याआधी चालवून पाहाव्यात आणि पहिल्या टप्प्यातली पाने हलतात का, एवढेच सांगावे.

निपाणीकर

या तर्काला माझा आक्षेप नाही. पण गोळा असलेली कॅसेट निघाली तर काय कळणार, हा माझा प्रश्न कायम आहे.

दरम्यान, ज्यांचे नातेवाईक अमेरिकेतून जुन्या कॅसेटी आणतात त्यांच्यासाठी एक माहिती लिहून ठेवतो. एनईएसच्या सुरुवातीच्या कॅसेटींना पाच साधे चिरेचे स्क्रू असत. पुढे वरच्या दोन स्क्रूंची जागा प्लास्टिकच्या हुकांनी घेतली आणि पाकळ्यांचे तीन स्क्रू उरले. त्यामुळे पाच स्क्रूंची कॅसेट म्हणजे पहिल्या काळातली, इतके बाहेरून कळते. पण खरी गंमत ‘गायरोमाइट’ आणि ‘स्टॅक-अप’ यांच्या सुरुवातीच्या काही कॅसेटींत आहे. अमेरिकेतली मागणी भागवताना निन्टेन्डोने त्यांत चक्क ६० पिनांच्या फॅमिकॉमच्या पीसीबी घातल्या आणि त्यांना ७२ पिनांचा जोडतुकडा लावला. त्या जोडतुकड्यावर ‘एनईएस-जॉइंट-०१’ असे छापलेले असते. तो बाहेर काढला की जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रावर चालवता येते, म्हणून लोक या कॅसेटी नुसत्या त्या तुकड्यासाठी शोधतात. सर्व ‘गायरोमाइट’मध्ये तो नसतो. पडद्यावर ‘रोबोट गायरो’ हे नाव दिसले म्हणून तो आहेच, असे समजू नये. उघडल्याशिवाय किंवा कवचाच्या तोंडातून आतल्या पीसीबीचा जोड पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

मलप्रभाकाठ

६० आणि ७२ यांचा हिशेब मांडला तर आणखी एक गोष्ट कळते. एनईएसमध्ये कुलूपचिपसाठी (परवानगीशिवायच्या कॅसेटी रोखणाऱ्या चिपसाठी) ४ पिना वाढल्या, यंत्राच्या तळाशी असलेल्या विस्तार-खाचेकडे जाणाऱ्या १० वाढल्या आणि आवाजाच्या २ पिना काढून टाकण्यात आल्या. या दोन पिना फॅमिकॉममध्ये ४५ आणि ४६ क्रमांकाच्या आहेत. यंत्राचा आवाज ४५मधून कॅसेटमध्ये जातो आणि ४६मधून परत येतो, म्हणजे वाटेत कॅसेट स्वतःचा आवाज त्यात मिसळू शकते. १९८९च्या ‘आकुमाजो देनसेत्सु’मध्ये व्हीआरसी६ चिपने तीन जादा ध्वनिवाहिन्या याच मार्गाने दिल्या. अमेरिकेत तोच खेळ ‘कॅसलव्हेनिया ३’ म्हणून एमएमसी५ चिपवर आला, तेव्हा तो मार्गच उरला नव्हता आणि संगीत नव्याने बसवावे लागले. ‘लाग्रांज पॉइंट’ची १९९१ सालची कॅसेट तर त्याहून पुढची. तिच्यातल्या व्हीआरसी७ चिपमध्ये एफएम सिंथेसायझर आहे, आणि तिचे कवच नेहमीपेक्षा मोठे आहे.

आपल्याकडच्या नकली यंत्रांत हा आवाजाचा फेरा अनेकदा जोडलेलाच नसतो. तिथे अशी कॅसेट लावली तर संगीताचा अर्धा भाग गायब होतो आणि घेणाऱ्याला वाटते की कॅसेट खराब आहे. उलट प्रकारही होतो. साध्या कॅसेटमध्ये ४५ आणि ४६ या पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असाव्या लागतात. स्वस्त पीसीबीमध्ये तो जोड गाळलेला असला तर ती कॅसेट आपल्या यंत्रावर उत्तम वाजते आणि अस्सल फॅमिकॉमवर मुकी राहते. हा दोष नव्हे, हासुद्धा एक हार्डवेअर-प्रकारच आहे, आणि मल्टिमीटरने पाच सेकंदांत तपासता येतो. निपाणीकर साहेब, गोळा असला तरी हा जोड गोळ्याच्या बाहेर असतो.

आणखी एक गैरसमज दूर करतो. ‘हा सावकाश चालणारा प्रकार आहे’ असे सांगून काही जण कॅसेट विकतात. आपली यंत्रे पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी ५० हर्ट्झवर चालतात आणि जपानी-अमेरिकन खेळ ६० हर्ट्झवर मोजून लिहिलेले आहेत, त्यामुळे खेळ आणि संगीत दोन्ही रेंगाळतात. तो यंत्राचा गुण आहे, कॅसेटचा नव्हे.

चिक्कोडीची_मास्तरीण

सर्वांच्या सूचनांबद्दल आभार. भावाच्या जुन्या यंत्रावर व जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर दोन्ही कॅसेटी चालवून पाहिल्या आणि मग एटीएम कार्डाने उघडल्या. खाच एकही तुटली नाही.

जड कॅसेटमध्ये हिरव्या पीसीबीवर चार सुट्या आयसी आहेत. एकावर ६२६४ स्पष्ट वाचता येते, एकावर ७४ने सुरू होणारा आकडा आहे, उरलेल्या दोहोंवरची अक्षरे कशाने तरी घासून काढलेली दिसतात. वजन मात्र आयसींचे नव्हे. कवचाच्या आत एक लोखंडी पट्टी चिकटवलेली आहे. या कॅसेटमध्ये जंगलातली पाने स्थिर आहेत आणि टप्पा संपला की लगेच पुढचा सुरू होतो.

हलक्या कॅसेटमध्ये पट्टी नाही आणि इपॉक्सीचे तीन गोळे आहेत, दोन मोठे व एक लहान. तिच्यात पाने हलतात. पहिला टप्पा संपल्यावर नकाशा आणि जपानी अक्षरांतला मजकूर आला. भावाला दाखवले तेव्हा त्याला आठवले की, मुले हिला ‘पिक्चरवाली कॉन्ट्रा’ म्हणत असत व म्हणूनच ती मागत असत.

निपाणीकर

मास्तरीणबाई, आपण ज्या काळजीने पाहिले आहे त्याबद्दल अभिनंदन. दोन मोठे गोळे म्हणजे प्रोग्रॅम आणि चित्रांच्या दोन रॉम असाव्यात व लहान गोळा मॅपरचा. तो व्हीआरसी२ची नक्कल आहे की खेळ दुसऱ्या एखाद्या मॅपरवर बसवण्यासाठी प्रोग्रॅममध्ये बदल केला आहे, हे गोळ्यावरून सांगता येणार नाही. रॉममधला मजकूर उतरवून मूळ जपानी मजकुराशी ताडून पाहावा लागेल. पण गोळ्यांची संख्या आणि पडद्यावरचे वर्तन एकत्र घेतले तर काहीच कळत नाही, असे मला आता म्हणता येत नाही. गोळे किती, कोणत्या आकाराचे आणि ४५-४६चा जोड आहे की नाही, इतके प्रत्येक नकली कॅसेटबद्दल नोंदवायला माझी तयारी आहे. ‘९९९९९९९ इन १’ मात्र मी नोंदवणार नाही.

उद्यमबाग_टूलरूम

लोखंडी पट्टी वजनासाठीच घालतात. जड कॅसेट हातात घेतली की गिऱ्हाईकाला माल भारी वाटतो. ताई, त्या पट्टीला गंज लागला आहे का ते पाहावे. लागला असेल तर ती काढून कॅसेटसोबत वेगळ्या पाकिटात ठेवावी, नाहीतर गंजाची भुकटी पिनांवर येईल.

शहापूरकर

पट्टी काढली तरी ती टाकून देऊ नये, तीसुद्धा त्या प्रकाराची खूण आहे. मास्तरीणबाई, आपल्याला शक्य असेल तर दोन्ही पीसीबींची पुढून-मागून छायाचित्रे येथे टाकावीत, आणि त्यांत शेजारी मोजपट्टी ठेवावी. पिनांच्या मागच्या बाजूला पीसीबीवर काही अक्षरे-आकडे कोरलेले असतील तर तेही टिपावेत. गोळ्यांवर काही छापलेले नसले तरी पीसीबी बनवणाऱ्याचा क्रमांक तिथे अनेकदा असतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्या कुणाच्या कॅसेटमध्ये निघाला तर दोन्ही एकाच ठिकाणाहून आल्या असे म्हणायला आधार मिळेल.

चिक्कोडीची_मास्तरीण

हलकीच्या मागे पांढऱ्या शाईत चार आकडे आहेत, जडच्या मागे काही नाही. पट्टीला एका कोपऱ्यात गंज आहे, आज काढते. छायाचित्रे रविवारी टाकते, कारण मोजपट्टी शाळेत राहिली आहे.